चौथ्या मजल्यावरचा गवंडी

परांचीवरून पडल्यापासून गवंड्याचे पाय कामातून गेले होते. टपालपेटी तळमजल्यावर, तो चौथ्यावर. पत्रं शेजारच्या काकू वर आणायच्या. काकू वारल्या आणि अपंग भत्ता नाकारल्याचा निकाल पेटीतच पडून राहिला. कुणीतरी तो दाराखालून सरकवला, तोवर अपिलाची मुदत टळली होती.

गवंडी ढुंगण घासत पायरी-पायरी उतरला आणि कुबड्यांवर कसाबसा कोर्टात पोहोचला.

“वेळेत पत्र घ्यायला काय झालं होतं?” कारकुनाने विचारलं.

“अहो, उतरता आलं असतं तर भत्ता कशाला मागितला असता?” गवंडी उखडला.

“आज आलात की!” म्हणत कारकुनाने शेरा मारला: अर्जदार सहज चालत, एकटा आला.

त्यातलं ‘एकटा’ तेवढं गवंड्याला खोडून काढता आलं नाही.