हेडलाइटमधला चंद्र

आरफा, तुझा चंद्र सुंदर होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून तोंड फुगवणार नाहीस. आता बाकीच्यांनाही कळायला हवं, म्हणून मी, तुमची शेजारीण, मुळापासून सांगते.

काळेवाडीत रहिमानभाईंचं गॅरेज. बंद पडलेली गाडी असेल तिथे जाऊन दुरुस्त करायची, ही त्यांची ख्याती. त्यांची लेक आरफा, आकुर्डीच्या कॉलेजात शिकलेली. तिनं गॅरेजची वेबसाइट बनवली. कशी? स्क्रीनभर निळसर अंधार, त्यात एकच हेडलाइट, चंद्रासारखा सावकाश उजळणारा. त्यावर माउसचा बाण नेऊन थांबवला की उजेड पाझरायचा आणि तळातून मासा वर यावा तसा अब्बांचा फोन नंबर वर यायचा. ऑनलाइन प्रदर्शनात वाहवा झाली. कुणी लिहिलं, झोपेत नदीकाठी चालल्यासारखं वाटतं. आरफा मग त्या निळाईतच तरंगू लागली. चहा उतू गेला तरी पत्ता नाही.

गॅरेजचा फोन मात्र मुका झाला.

एका दुपारी दौलतराव, जुनं गिऱ्हाईक, मोटारसायकल टेम्पोत घालून आले.

"रहिमानभाई, तुमचा चंद्र बघितला, राव! गाडी बंद पडली, चाकण रोडला उन्हात उभं राहून मोबाइलवर बोटानं चोळचोळ चोळला. नंबर काही देईना!"

देईल कसा? बोटाला कुठला आलाय बाण? पोरीनं सगळं घरच्या मोठ्या स्क्रीनवरच बघितलेलं.

"काढून टाक ते," रहिमानभाई म्हणाले. "मी आपला भिंतीवर नंबर रंगवून घेतो. भिंत कुणाला कोडी घालत नाही."

"अब्बा, आजची संध्याकाळ द्या. मग काढा."

पानाचं रंगरूप ठरवणारी फाइल, स्टाइलशीट, उघडून ती बसली. मोबाइलसाठी नंबर सगळ्यात वर, पिवळ्यावर ठळक काळा. बोट टेकलं की थेट फोन. चंद्र पुसायला हात धजेना. डोळे भरले. अगं, पण पुसायलाच कशाला हवा? शेवटी तिनं तो मोठ्या स्क्रीनपुरता ठेवला.

मग स्वतःच्या मोबाइलवर नंबर दाबला. अब्बांचा खिसा वाजला.

"कोण बोलतंय?"

"गाडी बंद पडलीय, भाई. लवकर या."

रहिमानभाई हसले. "राहू दे तुझं पान."

पण आरफा, घरातल्या सावलीत जमलं म्हणजे झालं का? भर दुपारी चाकण रोडला उभं राहून ती अक्षरं दिसतात का, हे बघायला जायचं ठरलं होतं आपलं. कधी तुझं काम, कधी माझे गुडघे. राहिलंच ते.