मालकाचं काम

मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या कचेऱ्यांबरोबर मराठी कारकून नव्या क्वार्टरांत राहायला आले. त्यांच्याकडे वळकट्या होत्या, खाटा-खुर्च्या नव्हत्या. हे आधीच हेरून मी जवाहर चौकात लाकडी सामानाचं दुकान टाकलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं.

ही मंडळी रविवारी जमून नाटक वाचायची. खुर्च्या माझ्या दुकानातल्या, म्हणून मलाही बोलावणं. पुस्तक एकच असे. ज्याची पाळी त्याने नाटक निवडायचं, कामं वाटायची आणि प्रत्येकाला फक्त त्याचे संवाद कागदावर उतरवून द्यायचे. या उताऱ्याला आम्ही नक्कल म्हणायचो. दुसऱ्याच्या नकलेत काय आहे हे कोणाला ठाऊक नसे. गंमत त्यातच होती.

पाळी कोणाचीही असो, कामं वाटताना सगळे हेडक्लार्कसाहेबांच्या तोंडाकडे बघत. आणि माझ्या वाट्याला दरवेळी गडी यायचा. 'आलो मालक', 'पाणी ठेवलंय', की पुन्हा गप्प. मनात मी जळायचो.

माझी पाळी आली तेव्हा साहेब सर्वांदेखत म्हणाले, "शेटजी, तुम्ही चहाचं बघा. नाटक मी बघतो."

"चहा माझा आणि नाटकही माझंच," मी म्हणालो. आवाज चढलाच.

घरी पोहोचेपर्यंत राग उतरला. आता फजिती झाली तर मी जन्मभर गडीच राहणार होतो. ओळखीच्यांच्या कपाटांतून चार नाटकं गोळा केली. पहिल्यात सावकाराला सगळे फसवतात. ते वाचताना खोलीभर नजरा माझ्याकडे वळल्या असत्या. दुसऱ्यात लाचखाऊ कारकून. निम्मी मंडळी रुसली असती. तिसऱ्यात विधवेची टवाळी होती, आणि आतल्या खोलीत बायकांमध्ये आमच्यातल्या टायपिस्टची विधवा बहीण ऐकायला बसायची. उरलं चौथं. त्यातला मालक पानंच्या पानं बोलतो. लाकूड मी जाडी बघून घ्यायचो, तसंच कामही घेतलं. मालक मी, आणि गडी साहेबांना. दोन ओळींची त्यांची नक्कल मी मुद्दाम सुवाच्य अक्षरात उतरवली.

पोळ्या लाटता लाटता बायकोने माझी तालीम ऐकली. जोडाक्षर आलं की मी अडखळत होतो.

"श्वास पुरत नाही तुम्हाला," ती म्हणाली.

"गिऱ्हाइकांशी दिवसभर बोलतो तेव्हा पुरतो."

"तेव्हा शब्द तुमचे असतात."

तो आठवडा दुकानात माझं लक्ष नव्हतं. एका माणसाला त्याने मागितलेल्या भावात खाट देऊन टाकली; तोच संशयाने खाटेचे पाय हलवून बघत राहिला.

रविवारी साहेबांनी नक्कल हातात घेतली, उलटी करून मागे काही आहे का पाहिलं आणि चष्मा पुसला. त्यांनी कुरकुर केली असती तर बरं झालं असतं.

दोन अंक कसेबसे निभावले. तिसऱ्यात मालकाचं मोठं भाषण. मधेच माझी ओळ सुटली. कागदावर सगळी अक्षरं सारखी दिसायला लागली. कोणाची तरी खुर्ची करकरली, मीच विकलेली. आतल्या खोलीत बांगड्यांचा आवाज थांबला.

तेवढ्यात साहेब आपल्या नकलेत बघत हळू आवाजात म्हणाले, "मालक, पाणी आणू? मग सांगा सावकाश. मी उभा आहे इथं."

सगळे शांतपणे वाट बघत होते. त्यांच्या लेखी ते नाटकच होतं. ती नक्कल मी स्वतः उतरवली होती. तिच्यात हे वाक्य नव्हतं.

"आण," मी म्हणालो. तेही माझ्या कागदावर नव्हतं.

ते खरोखर उठले आणि पेला भरून घेऊन आले. तोवर मला ओळ सापडली.

चहाच्या वेळी टायपिस्ट म्हणाला, "ती पाण्याची जागा लेखकाने काय सुंदर काढलीय." साहेबांनी मान डोलावली आणि बशीत चहा ओतला. त्यांनी मला सांभाळलं की माझी जागा दाखवली, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

पुढची पाळी त्यांची होती. मला नक्कल दिली, गड्याची. भांडायला तोंड उघडलं होतं, पण विचारलं इतकंच, "मालक कोण?"

"मी," ते म्हणाले. "भाषण लांबलचक आहे. लक्ष ठेवा."

त्या रविवारी मी तांब्या भरून पायाशी ठेवला आणि त्यांच्या तोंडावरून नजर हलवली नाही. ते कुठेच अडले नाहीत. त्याचाही मला राग आला.