ताईचे बाबा दोरीच्या बाहेर

टोलेडोला मुद्दाम फिरायला कोणी जात नाही. २००७ च्या जुलैत आम्ही गेलो, तेही मी ऑफिसला दांडी मारून, कारण माझ्या मुलीने एक फॉर्म कोरा ठेवला होता.

मुलगी म्हणजे इरा, वय तेरा. आम्ही ओहायोतल्या डब्लिनला राहतो. इरा चार वर्षं गोल्फ खेळते आहे आणि चारही वर्षं तिची बॅग मी उचलतो, म्हणजे मी तिचा कॅडी. नुसती उचलत नाही. गवत उडवून वारा बघतो, अंतर सांगतो, मारायची काठी, म्हणजे क्लब, निवडून देतो, श्वास कधी सोडायचा तेही सांगतो. स्वतः मी कधी धड खेळलेलो नाही, पण लायब्ररीतल्या व्हिडिओंवर माझा अभ्यास दांडगा आहे. ज्युनियर स्पर्धांचा फॉर्म सोमवारपर्यंत द्यायचा होता. त्यात खेळाडूचं नाव रिकामं, कॅडीचंही रिकामं. विचारलं तर म्हणाली, "आय अ‍ॅम थिंकिंग, बाबा." म्हटलं, पोरगी गोल्फ सोडते की काय!

यावर माझ्याकडे एकच औषध होतं, ताई. ही कोरियाची व्यावसायिक गोल्फर. तिचं नाव आमच्या आईच्या जिभेवर काही बसेना, म्हणून घरात ती नुसती ताई. तिची कहाणी मी इराला शंभरदा ऐकवली आहे. बंदराचं छोटं गाव, बाबांचं मासळीचं दुकान. त्यांनी गच्चीवर जुनं जाळं बांधलं आणि पोरीला पहाटे त्यात चेंडू मारायला लावले. मग दुकान विकून तिला घेऊन अमेरिकेत आले. इंग्रजी नाही, ओळख नाही. एका जुन्या व्हॅनमध्ये भाताचा कुकर टाकून स्पर्धेमागून स्पर्धा केल्या, बॅग बाबांनीच उचलली. पहिल्याच वर्षी ती एक स्पर्धा जिंकली, मग तीन वर्षं नुसती हार. तरी दोघं हटले नाहीत. या गोष्टीचा नायक मला कायम तिचा बापच वाटत आला आहे.

तर ताई टोलेडोजवळ खेळणार होती. इराने तो बाप प्रत्यक्ष बघावा, एवढाच माझा डाव होता. बायकोला सुट्टी नव्हती. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली आई मात्र पातळ आणि स्नीकर्स घालून पहाटेच तयार होती.

जाणाऱ्यांसाठी माहिती: २३ नंबरच्या हायवेने उत्तरेला निघायचं, फिंडलेला ७५ पकडायचा, अडीच तास लागतात. दोन्ही बाजूंना मका. बघण्यासारखं म्हणाल तर पुन्हा मका. गाडी शेतात लावायची, तिथून पिवळी स्कूलबस गेटपर्यंत नेते. शुक्रवारचं तिकीट स्वस्त असतं आणि मुलांना फुकट. मोबाइल गाडीतच ठेवावा लागतो. टोपी घ्या, सावली फार नाही. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, असं गेटवरच्या आजोबांनी सांगितलं. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून तिने उत्तरादाखल डबा उघडून त्यांच्या हातावर कोथिंबिरीची एक सांबारवडी ठेवली. आजोबांनी ती खाल्ली, डोळे मिटले आणि आम्हाला आत सोडलं. प्रत्येकाच्या बाबतीत हे जमेलच याची खात्री देत नाही.

पहिल्या होलपाशी मी इराला प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीला चिकटून उभं केलं. "आता तिचे बाबा बघ," म्हणालो. ताई आली. मागून बॅग घेऊन आला तो एक लालकेस्या, सहा फुटी अमेरिकन.

"बाबा कुठायत?" मी जवळजवळ ओरडलो.

आईने शोधून दिले. आमच्याच बाजूला, दोरीच्या बाहेर, पांढरी टोपी घालून, हात पाठीमागे बांधून उभे होते. मी देवदर्शनाला जावं तसा गेलो.

"सर, यू आर द फादर? नॉट कॅडी?"

"शी फायर मी," ते म्हणाले. "फेब्रुवारी. डिनर टाइम. बिफोर सूप."

पण गृहस्थ हसत होते. "नाऊ व्हेरी गुड इयर," ते म्हणाले. "बिफोर, आय टॉक, टॉक, टॉक. नाऊ शी हिअर बॉल."

इरा शेजारीच उभी होती आणि पायाखालचं गवत फार लक्ष देऊन बघत होती. मी घाईघाईने हवेचा विषय काढला.

मग सतरा होल आम्ही सगळे बरोबर चाललो. शुक्रवारी खालचे अर्धे खेळाडू घरी जातात, त्याला कट म्हणतात. शेवटच्या होलवर ताईला चार फटक्यांत संपवायचं होतं, पाच झाले की सामान आवरा. तिचा पहिला फटका उजवीकडे भरकटला आणि चेंडू दोरीपलीकडच्या उंच गवतात, थेट आईच्या पायाशी येऊन थांबला.

नागपुरात आमच्या कंपाउंडमध्ये कॉलनीतल्या पोरांचे चेंडू यायचे आणि आई तीस वर्षं ते परत देत आली आहे. हाताला सवय. ती वाकली, चेंडू उचलला, पदराने स्वच्छ पुसला आणि दोरीखालून आत शिरून ताईकडे निघाली. "घे गं बाई, इकडे आलाय."

शे-दोनशे माणसं एकदम "नो!" म्हणाली.

वॉकीटॉकीवाला पंच धावत आला. दंड नाही म्हणाला, पण चेंडू होता तिथेच ठेवावा लागेल. नक्की कुठे होता? सगळे आईकडे बघू लागले आणि दुभाष्या मी. आईने गवताच्या जाड झुबक्यामधल्या एका खड्ड्यावर बोट ठेवलं. त्याच्या वीतभर बाजूला छान सपाट गवत होतं.

"आई, इथे होता ना?" मी सपाट गवत दाखवलं.

"माझे डोळे शाबूत आहेत. खड्ड्यात होता."

"बाबा, डोन्ट," इरा दातओठ खाऊन म्हणाली.

मी ताईच्या बाबांकडे बघितलं. म्हटलं, बापाचं काळीज, हा तरी साथ देईल. त्यांनी मान हलवली. पाठीमागचे हात एकमेकांत इतके घट्ट होते की बोटं पांढरी पडली होती. "हर बॉल," एवढंच म्हणाले. मी मुकाट्याने खरं भाषांतर केलं.

ताई आपल्या कॅडीशी दोन वाक्यं बोलली. दुसरा फटका खड्ड्यातून कसाबसा निघाला, तिसरा सहा फुटांवर आला आणि चौथा होलच्या काठावरून फिरून बाहेर गेला. पाच. संपलं.

"माझ्या हाताने पोरीचं नुकसान झालं," म्हणत आई डोळे पुसू लागली. ताई सह्या करून बाहेर आली, तेव्हा तिच्या बाबांनी तिच्या हातात सोललेलं संत्रं ठेवलं. ती आईसमोर वाकली आणि दोन्ही हातांनी तो चेंडू तिला दिला. "यू टेल ट्रू प्लेस. थँक यू, ग्रँडमा." आईने उरलेला डबा तिच्या स्वाधीन केला. त्यातल्या दोन वड्या तिच्या बाबांनी उभ्या उभ्या संपवल्या.

परतीला फिंडलेपर्यंत आई तो चेंडू मांडीवर धरून बसली होती. तिथे हायवेलगतच्या एका डायनरमध्ये थांबलो. टोमॅटो सूप आणि ग्रिल्ड चीज मागवलं, दोन्ही बरं मिळतं.

"बाबा," इरा म्हणाली, "सूप यायच्या आधी मला तुला काहीतरी सांगायचंय."

मी चमचा खाली ठेवला.

"आय वॉन्ट टु प्ले. मला खूप आवडतं. जस्ट... तू बॅग नको घेऊस."

खरं सांगतो, लागलं. चार वर्षांचे शनिवार डोळ्यांसमोरून गेले आणि आपण कुठे चुकलो ते सूप येईपर्यंत कळेना. मग आठवलं, या चार वर्षांत मैदानावर इराला एक पूर्ण वाक्य मी बोलू दिलं नव्हतं. आई म्हणाली, "आता सूप पी, निवतंय."

फॉर्म सोमवारी गेला. कॅडीच्या रकान्यात इराने स्वतः ‘कोणी नाही’ असं लिहिलं. तो चेंडू आईने देवघरात ठेवला आहे, बाळकृष्णाच्या शेजारी.

पुढच्या शनिवारी पहिली स्पर्धा होती. ज्युनियरांच्या स्पर्धेला दोरी नसते, पालकांनी मैदानातल्या गोल्फ-गाड्यांच्या रस्त्यावरूनच चालायचं असतं. मी हात पाठीमागे बांधून चाललो. तिसऱ्या होलवर नकळत वाकून चिमूटभर गवत उपटलं आणि तसंच मुठीत धरून उभा राहिलो. वारा डावीकडून होता. इराने क्लब परत बॅगेत ठेवला, थांबली, दुसरा काढला. तिला माहीत होतं.