गळ्याकडून पाहायला सांग

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं ठामपणे म्हणवत नाही. मी तंजावूरच्या एका शाळेत प्लस टूला, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवते. आमच्या घरात मराठी, बाहेर तमिळ. देवनागरी मी मोठेपणी शिकले, तेव्हा लिहिण्यातल्या चुका सांभाळून घ्या.

माझी मुलगी शरण्या पंधरा वर्षांची आहे. चारशे मीटर धावते. गेल्या वर्षी धावून आली की तिच्या पोटऱ्या दुखायच्या. आम्हाला वाटलं, प्रॅक्टिस जास्त होते. मग जिल्ह्याच्या स्पर्धेआधी शाळेत तपासणी झाली आणि तिचं बीपी फार जास्त निघालं. या वयात? डॉक्टरांनी लगेच एको करायला सांगितलं. एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

ते सेंटर मेडिकल कॉलेज रोडच्या एका गल्लीत होतं. सकाळची वेळ, बाहेर बरीच गर्दी. आतली खोली छोटी, दिवा मंद केलेला. एका बाजूला भिंत, तिला लागूनच हिरवा पडदा, मागे उभं राहायलाही जागा नाही. टेक्निशियन बाई माझ्याच वयाच्या, तमिळ. शरण्या डाव्या कुशीवर झोपली होती, मी पायाशी उभी. बाईंनी चारही कप्पे पाहिले, झडपा पाहिल्या. "पंपिंग छान आहे. झडपेतून थोडं गळतंय, पण तेवढं पुष्कळांना असतं. घाबरू नका," त्या म्हणाल्या.

यांना — माझे यजमान पापनाशमला बँकेत असतात — फोन करायला मी बाहेर गेले.

परत आले तर बाईंनी शरण्याची मान मागे टाकून, गळ्याखालच्या खळगीत मशीनचा प्रोब धरला होता. मग उठल्या आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी स्क्रीन पाहिली, तिच्या हाताची नाडी पाहिली, मग जांघेतली. ती जेमतेम लागत होती.

नंतर त्यांनी मला समोर बसवून कागदावर छत्रीच्या मुठीसारखी आकृती काढली. "ही महाधमनी. हृदयातून वर जाते, वळते आणि खाली उतरते. वळणाच्या पुढे ती अरुंद झालीये, जन्मापासून. तुम्ही इथल्याच ना? वाय्काल पाहिलाय, कालवा? त्याची झडप अर्धी खाली टाकली की वर पाणी तुंबतं आणि खालची शेतं कोरडी राहतात. म्हणून हातात बीपी जास्त, आणि पळताना पायांना रक्त कमी."

"पण सर, हृदय चांगलं आहे म्हणाल्या त्या..."

"हृदय अजून चांगलंच आहे. ही जागा नेहमीच्या बाजूने नीट दिसत नाही, गळ्याकडून पाहावी लागते. आज सापडलं हे बरं झालं. अशी मुलं कधीकधी खेळता खेळता जातात." त्यांनी आकृतीतल्या अरुंद जागेवर पेन टेकवलं. "याला उपाय आहे, अम्मा. सीटी करू, मग स्टेंट घालता येईल."

निघताना टेक्निशियन बाई दारात आल्या. "गर्दीत माझं ते पाहायचं राहिलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमचा मुलगा पडद्यामागून काही बोलला, भाषा कळली नाही. मग हिनेच मला सांगितलं, गळ्याकडून पाहा म्हणून."

मला मुलगा नाही. पण तेव्हा ते डोक्यात शिरलंच नाही. ऑटोत बसल्यावर मी शरण्याला विचारलं, "तुला कसं सुचलं गं?"

"मला नाही सुचलं. तो म्हणाला ना, मराठीत. 'गळ्याकडून पाहायला सांग. अक्काला म्हण, रडू नको.' अम्मा, अक्का कोण?"

मला अक्का म्हणणारा एकच होता, माझा धाकटा भाऊ रघू. शरण्याच्या जन्माच्या कितीतरी आधी, सतराव्या वर्षी, मैदानावर खेळताना पडला तो उठलाच नाही. का, ते कुणालाच कळलं नाही. घरात त्याचा फोटो आहे, पण माझ्या वडिलांसमोर, अप्पांसमोर, त्याचं नाव आम्ही काढत नाही. तो मला काय हाक मारायचा, हे शरण्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

चेन्नईला स्टेंट घातला. बीपीची गोळी अजून चालू आहे, दरवर्षी एको करायचा आहे. डॉक्टरांच्या परवानगीने आता ती हलकं धावते. रघूलाही हेच असेल का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "असू शकेल. आता सांगता येणार नाही," एवढंच ते म्हणाले.

शरण्या घरी आल्यावर मी अप्पांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग तिच्याकडे वळून विचारलं, "आवाज कसा होता बाळ?"

"आमच्या वर्गातल्या मुलांसारखा," ती म्हणाली. "मध्येच चिरकायचा."

रघूचा आवाज सतराव्या वर्षीही अजून फुटतच होता. त्यावरून मी त्याला चिडवायची. हे फोटोत दिसत नाही...

अप्पा शरण्याचं मनगट हातात घेऊन, नाडीवर बोट ठेवून बसले. त्या खोलीत कोण बोललं, हे मला आजही सांगता येत नाही. अप्पांनी ते कधी विचारलंही नाही.