चालू राहू दे

काका आधी सीपीयूच्या डब्यावर तळहात ठेवायचे, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग मान हलवून म्हणायचे, "ताप न्हाई. चालू राहू दे."

मी तोवर पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढून बसलेलो असायचो आणि मनातल्या मनात दातओठ खात असायचो.

लातुरात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. या धंद्यात एक गोष्ट कळली, ती तुम्हीही स्वतःच्या घरात बघून घ्या. माणसं घरचा कॉम्प्युटर बंदच करत नाहीत. झोपताना गॅस बघतील, दाराची कडी दोनदा बघतील, कॉम्प्युटरचा मात्र नुसता पडदा विझवतील. महिना होतो, दोन होतात, मशीन आपलं घुं घुं करत असतं. अडकलं की मला फोन. "शेवटचं बंद कधी केलं होतं?" असं विचारलं की नवरा बायकोकडे बघतो आणि बायको पोरांकडे. मी बंद करून परत चालू करतो, मशीन पळायला लागतं, आणि "एवढंच होतं होय?" म्हणत चहासुद्धा अर्धाच कप येतो. असो, माझं रडगाणं पुरे.

पण काकांसारखं गिऱ्हाईक दुसरं नाही. ते वीज खात्यातून रिटायर झालेले, रेणापूरकडच्या एका सबस्टेशनवर ऑपरेटर होते. भारनियमनात वरून फोन आला की गावंच्या गावं अंधारात घालायची, हे त्यांचं काम. "लोकायच्या शिव्या खाऊनच पोट भरलं बग माझं," असं म्हणायचे. पण लाइट घालवायच्या आधी शेजारच्या गिरणीवाल्याला हाळी द्यायचे, "दळण काढून घे रे, बंद करायलोय!" न सांगता कुणाची लाइट घालवली नाही, याचा त्यांना मोठा अभिमान.

असा माणूस घरचं मशीन बंद करायला तयार नाही म्हणजे काय! ते परत चालू करा अशी सूचना पडद्यावर सारखी यायची. काका चष्मा वर करून ती वाचायचे आणि दरवेळी 'नंतर' दाबायचे. एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, मशीनला थोडा आराम द्या की. कारखाना चालवायचाय का त्याच्यावर?"

शेजारच्या खुर्चीकडे त्यांनी नुसतं बघितलं.

त्या खुर्चीत काकू बसलेल्या असायच्या. त्यांना विसरायचा आजार. नवऱ्याला कधी ओळखायच्या, कधी "तुम्ही कोण हो?" विचारायच्या. पडद्यावर जुने फोटो आपोआप सरकत असायचे, मुलीचं लग्न, कंधारचं माहेर, कुणाच्या बारशातली गर्दी. काकू दिवसभर त्या माणसांशी बोलत, हसत, कुणाला रागावत. एकदा लाइट गेली, इन्व्हर्टरनंही दगा दिला आणि पडदा काळा झाला, तर त्या दारापर्यंत पळत गेल्या. "सगळे मला टाकून गेले," म्हणून रडल्या, पुढं अन्नाला शिवेनात.

"तिचा डोळा कधी लागल, कधी उघडल, सांगता येत न्हाई," काका म्हणाले. "आन बंद केलं, परत लागलंच न्हाई तर? कुठून आणू एवढी माणसं?"

मी स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला आणि निघालो.

पुढं मशीनची डिस्क कट कट आवाज करायला लागली. मी स्पष्ट सांगितलं, काका, ही बदलली नाही तर फोटोंसकट जाईल, आणि बदलायची तर मशीन तासभर बंद ठेवावं लागेल. काका मिशीवरून हात फिरवत उठले. मग काकूंच्या खुर्चीपाशी खाली बसून म्हणाले, "अगं, मंडळी जेवायला उठायलेत. जरा येळ दिसणार न्हाईत."

"जेवायला?" काकू दचकल्या. "आन वाढायला कोण हाय?"

पदर खोचून त्या उठल्याच! मी बंदचं बटण दाबलं, डबा उघडला, आणि आतून भांड्यांचा आवाज सुरू झाला. मधल्या खोलीत ताटं मांडली गेली, वाट्या मांडल्या गेल्या, पाय ठेवायला जागा राहिली नाही. काका एकेका ताटात भाकरीचा तुकडा ठेवत मागून फिरत होते. फोटो माझ्या लॅपटॉपवरून नव्या डिस्कवर उतरत होते, तेवढ्यात काका माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "ऊठ बाबा, तूबी बस. माणसं कमी पडायलेत."

बसलो. काकूंनी वरण वाढलं आणि विचारलं, "दादा, वहिनीला कामून आणलं न्हाई?"

"बरं नाही तिला," मी ठोकून दिलं.

"मग डबा घेऊन जावा."

मग त्या स्वतः एका ताटावर बसल्या आणि जेवल्या. भाकरी कुस्करून, वरण ओतून, चांगल्या जेवल्या. काका हातातली पळी तशीच धरून बघत राहिले. "खायलीय बग," एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवलं. धंद्यात हजार माणसं भेटतात, जीव कुणाला लावायचा नसतो. त्या दिवशी लागला.

मशीन सुरू झालं, फोटो सरकायला लागले. काकूंनी पडद्याकडे बघून विचारलं, "जेवलात ना सगळे?"

त्यानंतर काम नसलं तरी मी तिकडून जाताना डोकवायचो. काका दिवसेंदिवस उतरत चालले होते. दाढी वाढलेली, बोलता बोलता डुलकी लागायची. "काका, चार दिवस पोरीकडं जा नांदेडला," म्हटलं तर म्हणायचे, "तिथं रमत न्हाई ही. दुसऱ्याच दिशी माघारी यावं लागलं. मी हाय तवर चालल रे. माझ्यामागं हिला कोन बगल, ह्या एका फिकिरीनं बेजार हाव."

काका दुपारी बसल्या बसल्याच गेले, काकूंच्या शेजारच्या खुर्चीत.

दहावं-तेरावं झाल्यावर मुलीनं मला बोलावलं. आईला आता नांदेडलाच न्यायचं होतं, मशीनही बरोबर न्यायचं होतं. मुलगी दारातच हलक्या आवाजात म्हणाली, "दादा, बंद केल्याशिवाय नेता येत नाही का हो? आई घाबरेल." तिनं त्या फोटोंत बापाचाही एक फोटो घातला होता. रिटायर झाले त्या दिवशीचा, गळ्यात हार, अंगावर शाल, आणि डोळे अर्धे मिटलेले.

मी काकूंजवळ बसून काय सांगावं याची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात तो फोटो आला. काकू बोलता बोलता थांबल्या. पुढं वाकून बघत राहिल्या.

"लई दमलेत हो हे," त्या म्हणाल्या. "बंद करा आता ते."

मी मुलीकडे बघितलं. तिनं मान हलवली. मी मशीन बंद केलं. पडदा काळा झाला, पंख्याची घुं घुं थांबली. काकू जागच्या हलल्या नाहीत. मुलीला मात्र हुंदका आवरेना.

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आत्ता कुठं डोळा लागलाय त्यांचा."