माझ्या दुखवट्याचं पिठलं

माझ्या दुखवट्याच्या पिठल्यात मीठ जरा जास्त झालं होतं. हे ऐकीव नाही, मी स्वतः खाऊन सांगतोय.

सुरुवात डॉक्टरांपासून झाली. डिसेंबरात नगरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी माझा रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाले, "साखर काठावर आहे. एक महिना देतो. खाणं सुधारा, नाहीतर जन्माची गोळी सुरू." घरी येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. (मला ओळखणाऱ्यांना एवढ्यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळेल.) माझे सासरे साखरेनंच गेले. गोळीला भ्याले, पथ्याला कंटाळले. आधी पायाचं बोट गेलं, मग पाय, मग ते. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे खरं सांगायचं तर मी चांगलाच टरकलो होतो.

टरकलेला माणूस हल्ली देवाआधी मोबाईल उघडतो. त्यात मला एक तुळतुळीत चेहऱ्याचे गृहस्थ भेटले. ते म्हणाले, "अग्नी अन्नाला मारतो. जिवंत अन्न खा." म्हणजे सगळं कच्चं. फळं, पाला, भिजवलेले दाणे, मोड आलेली कडधान्यं. एकवीस दिवसांत शरीर नवं होतं म्हणे. माझं जुनं बावन्न वर्षं वापरून झालं होतं, तेव्हा बदलायला हरकत नव्हती.

शोभाला, म्हणजे बायकोला, हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. "तुम्ही गाजरं चावत बसणार आणि मी तुमच्यासमोर लसणाची फोडणी देणार? मला पाप लागेल," ती म्हणाली. "मीपण कच्चंच खाते." मुलगा पुण्यात नोकरीला, घरात आम्ही दोघंच. सोमवारी सकाळी मी गॅसच्या शेगडीला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि कपाटातला कोरा पांढरा पंचा काढून तिच्यावर पांघरला. (हा पंचा लक्षात असू द्या.) दूधवाल्याला एकवीस दिवस नको म्हणून सांगितलं, म्हणजे चहाही गेला.

पहिल्या दिवशी उत्साह होता. मी वाटीभर मोडाची मटकी आणि रात्रभर भिजवलेले गहू घेऊन बसलो. मोबाईलमधले गृहस्थ म्हणाले होते, प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा. पाचव्या घासाला माझा जबडा दुखायला लागला, दहाव्याला ऑफिसची वेळ झाली. शोभा दारात उभी राहून बघत होती.

"जेवताय का रवंथ करताय?" तिनं विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. अजून सतरा वेळा चावायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी कच्ची भेंडी खाल्ली. तिच्याबद्दल एवढंच सांगतो, की ती मी गिळली नाही, ती आपली आपणच गेली. त्यात नगरची थंडी. रात्री गार काकडी खाऊन गोधडीत शिरलं की पोटातून हुडहुडी भरायची. मटकी आपलं काम करत होतीच. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसानं खिडकीजवळची जागा मागून घेतली आणि मी तिकडे न बघता फाईल लिहीत राहिलो. पण सांगायला हरकत नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी अंग हलकं वाटलं. पट्ट्याचं एक भोक आत सरकलं. मला पहिल्यांदा वाटलं, गोळी टळेल.

नेमका त्याच संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. सासूबाईंना मी मामी म्हणतो, सासऱ्यांना मामा म्हणायचो. त्या पाथर्डीच्या पुढं गावी, शोभाच्या चुलत्यांजवळ राहतात. शोभा त्या वेळी कोशिंबिरीसाठी कांदे किसत होती. चार कांदे, तेही गावरान. डोळ्यांना धार लागलेली, नाक वाहतंय, आणि कानाला मोबाईल. मी शेजारीच बसलो होतो आणि तिचं बोलणं ऐकत होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"आई, काय सांगू," शोभा नाक ओढत म्हणाली. "तीन दिवस झाले, घरात चूल पेटली नाही."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"ह्यांनी सोडलं गं सगळं. सोमवारी सकाळीच."

पुन्हा काहीतरी.

"नाही, मी ठीक आहे. होईल हळूहळू सवय." आणि रेंज गेली.

आता, आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की चूल पेटवत नाहीत. सोयरे, भाऊबंद पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना बळंच चार घास खायला लावतात. हे मला ठाऊक होतं, शोभाला ठाऊक होतं. घरात गॅस येऊन पंचवीस वर्षं झाली तरी तिच्या तोंडात 'चूल'च असते. पण कांदा किसताना दोघांच्याही डोक्यात काही आलं नाही. आम्ही कोशिंबीर खाल्ली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात मटकीचा बाविसावा चावा घेत असताना बाहेरून रडण्याचा आवाज आला. गावाकडं अशा वेळी बायका वेशीपासून सूर धरतात. आमच्या कॉलनीला वेस नाही, म्हणून तो पाण्याच्या टाकीपासून धरला गेला होता. मी खिडकीतून पाहिलं. एक जीप, तिच्यातून उतरलेली अकरा माणसं, दोघींच्या डोक्यावर फडक्यानं झाकलेल्या पाट्या, आणि सगळ्यांत पुढं मामी.

शोभा धावत फाटकात गेली. मामींनी तिला मिठी मारली आणि हंबरडा फोडला, "माझ्या बाई, कसं गं झालं?" शोभाला वाटलं, माहेरचं कुणीतरी गेलं. तिनंही गळा काढला, "आई, कोण गं? कोण गेलं?" मामींना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. त्या आणखी जोरात रडल्या. समोरच्या शिंदेवहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या, कोण गेलं ते कळल्यावर डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "आत्ता तासाभरापूर्वी तर नळाला पाणी भरत होते हो." (आणि त्याही रडायला बसल्या. स्वतःचं बोलणं तपासून बघावं असं त्यांना वाटलं नाही.)

एवढ्यात शोभाचे चुलते, तात्या, डोक्यावरची टोपी काढून घरात आले. ते थेट स्वयंपाकघरात शिरले, पांढरा पंचा पांघरलेली शेगडी पाहिली, तिला हात जोडले आणि वळले. समोर मी. टॉवेल गुंडाळलेला, हातात वाटी, तोंडात मटकी.

"पाव्हनं?" तात्या म्हणाले.

बत्तीस पूर्ण व्हायचे होते, म्हणून मी नुसती मान हलवली.

"तुमी हाय व्हय?"

मी घास गिळला. "आहे की."

तात्या मटकन खाली बसले. मग बाहेर ओरडले, "ए, रडू नका. पाव्हनं हायती." बाहेरचा सूर तुटला. मग दारात बाकीची दहा माणसं आणि शिंदेवहिनी दाटून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडं बघू लागल्या. कुणाच्याच चेहऱ्यावर आनंद दिसेना. पहाटे उठून दोन पाट्या भाकरी थापल्या, म्हशींच्या धारा दुसऱ्यावर सोपवल्या, आणि माणूस टॉवेल लावून उभा.

"मंग चूल का पेटली न्हाई?" तात्यांनी विचारलं.

"आम्ही कच्चं खातोय."

"गॅस संपला का?"

"नाही. ठरवून."

"ठरवून?" तात्यांनी वाटीतली मटकी निरखून पाहिली. "ह्ये आमी वासराला घालतो."

"पण तात्या, एक फोन करून विचारायचं नाही का?" शोभा डोळे पुसत म्हणाली.

"येडी का तू? गेल्याच्या घरी फोन करून इचारायचं, की खरंच गेलं का म्हनून? आमी तर चिडलो हुतो. तीन दिस झालं, कळवलं बी न्हाई. म्हनलं, सावडायला तरी पोचू."

मला राहवलं नाही. जिवंतपणी ही संधी कुणाला मिळते? मी विचारलं, "जीपमध्ये माझ्याबद्दल काय बोलणं झालं?"

सगळे एकमेकांकडं बघू लागले. शेवटी धाकटी मेहुणी म्हणाली, "समदे म्हनत हुते, दाजी लई चांगलं हुतं." मी मान खाली घालून स्तुती ऐकत होतो. "पर खान्यावर ताबा न्हवता."

मी हसलो, पण ते लागलं. कारण मामी हसत नव्हत्या. त्या माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. एरवी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई, सगळ्यांदेखत मनगट सोडायला तयार नव्हती.

"तुमचं मामा बी आसंच म्हनायचं, मला काय हुत न्हाई," त्या म्हणाल्या. "कच्चं खा, शिजवून खा, जावईबापू. पर जित्तं ऱ्हा. म्या परत आशी पाटी भरायची न्हाई."

या बाईनं रात्रभर मला रडून घेतलं होतं आणि पहाटे माझ्यासाठी पीठ मळलं होतं. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी आशीर्वाद दिला, तो नेहमीचाच होता, पण त्या दिवशी मी तो नीट ऐकला.

दुखवट्याच्या घरी आणलेलं अन्न परत न्यायचं नसतं, यावर तात्या ठाम होते. मग शोभानं शेगडीवरचा पंचा काढला, शिंदेवहिनींनी दूध आणलं आणि बारा-चौदा माणसांचा चहा झाला. पंगत बसली. मला पहिला मान. पिठलं, ज्वारीची भाकरी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. चार दिवसांनी शिजलेलं अन्न तोंडात आलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामींना वाटलं, मिरची जास्त झाली. मिरची बेताची होती. मीठ जास्त होतं. रडत रडत टाकलेल्या मिठाचा अंदाज चुकायचाच, म्हणून मी बोललो नाही.

जेवताना तात्यांनी माझ्या आहाराचा निकाल लावला. "कच्चं खायाला ना न्हाई. आमी ऊसतोडीला गेल्तो तवा मुळा, काकडी, हरभऱ्याचं घाटं, समदं कच्चंच खायचो. पर त्याच्यासंगं एक भाकर असायची आन् दिसभर कोयता चालायचा. तुमी नुसता जबडा चालवता."

तेव्हापासून आमच्याकडं एक भाकरी भाजली जाते, बाकी ताट बरंचसं कच्चं असतं. दर रविवारी पाथर्डीच्या एसटीनं तात्या एक पेंढी पाठवतात, कधी हरभऱ्याचे ढाळे, कधी मुळे, कधी मेथी. ती आणायला मी स्टॅन्डपर्यंत चालत जातो आणि चालत येतो. रिक्षा केली तर ते शोभाकरवी मामींना कळतं.

महिना झाल्यावर डॉक्टरांनी नवा रिपोर्ट पाहिला. "उतरलीय," ते म्हणाले. "गोळी नको इतक्यात. असंच चालू ठेवा. काय केलंत नेमकं?"

मी जिवंत अन्नाबद्दल तोंड उघडणार, तेवढ्यात शोभा म्हणाली, "एकदा जाऊन आले ना डॉक्टर, तेव्हापासून सुधारलेत."

बाहेर आल्यावर मी मामींना फोन लावला. गोळी टळल्याचं सांगितलं. त्या बराच वेळ नुसत्याच "बरं झालं, बरं झालं" म्हणत राहिल्या. मग मी इतके दिवस मनात ठेवलेलं बोलून टाकलं. म्हटलं, मामी, पिठलं छान होतं, फक्त मीठ तेवढं जास्त पडलं होतं. खरी वेळ येईल तेव्हा हात जरा आखडता घ्या, कारण तेव्हा सांगायला मी नसेन, आणि बाकीचे सगळे गुणगान करत बसतील.

मग मामी म्हणाल्या, "तरी समदे म्हनतच हुते, खान्यावर ताबा न्हाई."