फेज थ्रीतला चौक

पंचवीस वर्षांनंतर इंदूरचे लोक कशानं ये-जा करतील, हे आज ठरवायचं, असं आमचं काम. कामाचा निकाल लागायला पंचवीस वर्षं आणि चहा मात्र रोज, मग किस्से साठायचेच!

माणसं तीनच. दिघे सर आमचे प्रमुख. त्यांचे पणजोबा संस्थानच्या कारभारात होते, तेव्हापासून घराणं इंदूरचं. पवन पक्का इंदौरी, सगळा कॉम्प्युटर त्याच्याकडे. आणि मी मुक्ता, सांगलीहून नोकरीसाठी आलेली. सरांचे आधीचे दोन आराखडे कपाटात गेले ते गेलेच. हा तिसरा, आणि या महिनाअखेर सर रिटायर होणार. त्यांचा हट्ट एकच: राऊकडून शहरात येताना जो चौक रोज तुंबतो, तो सगळ्यात आधी सुटला पाहिजे.

"मुक्ताजी, बाकी शहर तुम्ही सांभाळा. माझा एक चौक होऊन जाऊ द्या, बस."

*

त्या चौकातलं रोजचं ट्रॅफिक, आहे तसं टिपायचं म्हणून आम्ही सकाळी ड्रोन उडवला. दुपारी ऑफिसात फिल्म लावली. रिक्षा थांबलेल्या, बाइक थांबलेल्या, पोहे खाणारे प्लेटसकट रस्त्याच्या मधोमध आलेले आणि सगळे वर बघतायत. एका बाईंनी तर बाळाला उचलून टाटा करायला लावलं होतं.

मी म्हटलं, "पवन, हा जॅम आपणच केलाय."

पवन अजिबात हलला नाही. "हाँ मैडम, पर क्वालिटी देखो आप."

*

मग सॉफ्टवेअर आलं, परदेशी. त्यात ड्रायव्हर किती घाईचा आहे ते एक ते दहामध्ये भरायचं. पवननं बेधडक दहा भरले. तरी स्क्रीनवरच्या गाड्या आपापल्या लेनमध्ये, एकमेकींना वाट देत चालल्या.

"ये तो सब पहली बार ससुराल जा रिये हैं," पवन म्हणाला.

दहाच्या वर कसं जायचं, असं आम्ही कंपनीला विचारलं. उत्तर आलं की दहा हा आकडा अपघातांच्या चाचणीसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही.

सरांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. "त्यांना कळवा, आमच्या इकडे दहाच्या स्पीडनं माणूस मंदिरात जातो."

*

सुदामा नगरात लोकांच्या सूचना घ्यायला गेलो. पुढे विनाड्रायव्हरच्या गाड्या येणार की उडत्या टॅक्सी, हे खरं तर आम्हालाही ठाऊक नाही. पण चेहरा ठाऊक असल्यासारखा ठेवावा लागतो. मी मन लावून सगळं समजावलं. एक आजोबा उठले.

"गाडीत ड्रायव्हर नाही, ठीक आहे. पण ठोकली तर भांडायचं कोणाशी?"

झालं! उरलेली सभा त्यावरच. शेवटी एकमतानं ठरलं की अशा प्रत्येक गाडीत भांडायला एक माणूस बसवावा. पवननं ती सूचना 'रोजगारनिर्मिती'खाली टाकली.

*

आराखड्याचे तीन टप्पे असतात. फेज वन म्हणजे लगेच. फेज टू म्हणजे पैसे आले की. आणि ज्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही, ते सगळं फेज थ्री. हळूहळू ती आमची बोलीच झाली. ऑफिसचा एसी फेज थ्री, पवनचं डाएट फेज थ्री.

एकदा पवनची आई ऑफिसात आली आणि सरांनाच विचारलं, "साहब, इसका ब्याह कब होगा?"

"माताजी, फेज थ्री में."

माउलीचा चेहरा खुलला. "चलो, प्लान में तो है."

*

आता शेवटचा. आराखडा मंजूर करणाऱ्या समितीचे मोठे साहेब पहिल्याच बैठकीत म्हणाले, "ये चौक तो बढ़िया चलता है, मैं रोज़ निकलता हूँ." निघतातच. त्यांची गाडी यायची असली की बाकी तिन्ही बाजू अडवून ठेवतात. सरांचा चौक त्यांनी फेज वनमधून उचलला आणि फेज थ्रीत टाकला. सरांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही. मला फार वाईट वाटलं.

अंतिम मंजुरीची बैठक सरांच्या शेवटच्या आठवड्यात आली. मीही राऊलाच राहते, म्हणून सरांच्या स्कूटरवर मागे बसून निघाले, मांडीवर लॅपटॉप आणि मंजुरीची फाइल. चौकात येऊन अडकलो, रोजच्यासारखेच. शेजारी एक गाडी उभी होती आणि आत डोक्याला साफा बांधलेले मोठे साहेब! राऊच्या पलीकडे मानपूरला लग्न होतं, ते आटोपून घरच्या गाडीनं परतत होते. ना सायरन, ना पुढे पोलीस.

सरांनी स्कूटर बंद केली आणि काचेवर टकटक केलं.

"अरे दिघेजी, घबराओ मत. मेरे बिना मीटिंग शुरू नहीं होगी."

"तो सर, यहीं कर लेते हैं."

मी लॅपटॉप खिडकीशी धरला आणि सर बोलायला लागले. बस, सायकल, फुटपाथ, सगळं. शेजारच्या रिक्षावाल्यानं दोन सूचना केल्या, त्यातली एक चांगली होती. मागच्या सीटवरून साहेबांच्या मिसेस प्रश्न विचारत होत्या. शेवटचं पान झालं, तरी गाडी होती तिथेच.

साहेबांनी साफा काढून मांडीवर ठेवला, घड्याळ बघितलं. "दिघेजी, ये जाम खुलेगा कब?"

सर हेल्मेट चढवत होते. "सर, ये चौक फेज थ्री में है."

मागच्या सीटवर मिसेस खो खो हसायला लागल्या. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा समोरच्या गाड्यांकडे. मग खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझ्याकडे फाइल आणि पेन मागितलं.